देस्कुइदो : एका स्पॅनिश शब्दाची ओळख

सालामांका या विद्यापीठाच्या गावी मी भाषा शिकायला राहिले होते. घरमालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या. एकदा मला पहाटेच्या पहिल्या गाडीनं माद्रिदला जायचं होतं आणि नेमकं माझं गजराचं घड्याळ बंद पडलं. रात्रीची जेवणं झाल्यावर मी त्यांना विचारलं, "मला साडेचारला उठवाल का?" बशा पुसता पुसता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "देस्कुइदा, इखा."

इखा म्हणजे मुली, बाळ. ते समजलं. पण देस्कुइदा? माझ्या वहीत 'देस्कुइदार' या क्रियापदापुढे 'निष्काळजीपणा करणे, दुर्लक्ष करणे' असं लिहिलेलं होतं, आणि हे तर त्याचंच आज्ञार्थी रूप. उठवायला सांगितलं तर बाई मला 'दुर्लक्ष कर' म्हणतात, याचा अर्थ काय लावायचा? पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. रात्रभर मी अंथरुणात टक्क जागी. बरोबर साडेचारला दारावर टकटक झाली. बाई अंगावर शाल ओढून, दूध घातलेल्या कॉफीचा पेला घेऊन उभ्या होत्या.

त्या मला म्हणाल्या होत्या, "तू निर्धास्त झोप, बाळ."

नंतर पुण्यात स्पॅनिश शिकवताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत हा शब्द तसाच बसलेला असतो: देस्कुइदो, पुल्लिंगी नाम, निष्काळजीपणा. एवढी एक ओळ लिहिली की पुढच्या शब्दाकडे जायला आपण मोकळे. ती ओळ चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, पण तेवढ्यावर जो भाषांतराला बसेल तो पानापानावर ठेचकाळेल. म्हणून गेली काही वर्षं वर्गात आम्ही या एकाच शब्दाची वाक्यं गोळा करत आलो. वर्तमानपत्रं, कथा, फलक, पत्रं, फोनवरची बोलणी, जिथं सापडला तिथून. ती वाक्यं आणि त्यांच्यासाठी आम्हाला सुचलेले मराठी शब्द या पुस्तिकेत आहेत. प्रस्तावनेत मला या शब्दाचं घराणं सांगायचं आहे, कारण ते कळलं की पुढची निम्मी वाक्यं आपोआप उलगडतात.

देस्कुइदो हा 'कुइदार' या क्रियापदाला नकाराचा उपसर्ग लागून तयार झालेला शब्द. कुइदार म्हणजे सांभाळणं, जपणं, काळजी घेणं. पण कुइदार आला कुठून? लॅटिनमधल्या कोगितारे या क्रियापदातून, आणि कोगितारे म्हणजे विचार करणं. तत्त्वज्ञ देकार्तच्या गाजलेल्या विधानातलं 'कोगितो' ते हेच. कास्तीलच्या लोकांच्या तोंडात हा शब्द शतकानुशतकं घासला गेला, मधला 'ग' गळून पडला, 'त'चा 'द' झाला आणि कुइदार उरला. मध्ययुगीन कास्तीलियनमध्ये, सीद या योद्ध्याच्या महाकाव्याच्या काळात, त्याचा अर्थ अजून 'वाटणं, मनात येणं' असाच होता. पुढे विचार करण्याचं काम 'पेन्सार'नं घेतलं. तो मूळचा तोलण्याचा, वजन करण्याचा शब्द. कुइदारकडे राहिला तो एका विशिष्ट जातीचा विचार: ज्या वस्तूवर किंवा माणसावर मन ठेवायचं, त्याचा. मन ठेवणं म्हणजेच सांभाळणं, असा तो प्रवास आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकले, कारण हाच प्रवास आपल्या दारात दोनदा झालेला आहे. संस्कृतात 'चिन्त्' म्हणजे विचार करणं. त्याचं एक लेकरू चिंतन, दुसरं चिंता. अरबीत 'फिक्र' म्हणजे विचार. फारसीच्या वाटेनं मराठीत पोचेपर्यंत त्याची फिकीर झाली. रोम, अरबस्तान आणि आर्यावर्त, तिघांनाही विचार आणि घोर यांच्यामध्ये फारसं अंतर दिसलं नाही. ज्याचा विचार मनातून जात नाही, त्याचीच आपल्याला काळजी असते.

आता या दोन्हींना नकार लावून बघा. चिंतेचा नकार 'निश्चिंत' आणि फिकिरीचा नकार 'बेफिकीर'. घडण तीच, पण एक दिलासा आणि दुसरा ठपका. आई मुलाला "निश्चिंत जा" म्हणते आणि तोच मुलगा रात्री उशिरा आला की "बेफिकीर झालायस" म्हणते. मराठीनं हे दोन अर्थ दोन शब्दांत वाटून टाकले, कारण आपल्याकडे संस्कृत आणि फारसी अशा दोन खाणी होत्या. स्पॅनिशनं दोन्ही अर्थ एकाच घरात नांदवले. म्हणून "देस्कुइदा" म्हटलं की दिलासा, आणि "केलेला देस्कुइदो" म्हटलं की ठपका. मन काढून घे, मी बघते, असं माझी घरमालकीण सांगत होती. मन काढून घेतल्यानं जे बिघडतं, त्याला नाम आहे देस्कुइदो. परक्या वडीलधाऱ्यांशी बोलताना तेच 'देस्कुइदे' होतं, आपल्या 'नकोस' आणि 'नका'सारखं. "काळजी नसावी" हा त्याला मराठीतला सगळ्यात जवळचा जबाब.

'कुइदादो' हे नामही असंच दुहेरी आहे. 'काळजी घ्या' आणि 'काळजी करू नका' या दोन वाक्यांत आपण एकच नाम वापरतो आणि क्रियापद बदलून अर्थ फिरवतो. स्पॅनिश माणूसही तेच करतो. कुइदादो 'बाळगा' म्हटलं की सांभाळून, कुइदादो 'हरवा' म्हटलं की निश्चिंत राहा. फाटकावर "कुइदादो कोन एल पेर्रो" असा फलक दिसला तर तिथं कुत्र्याची काळजी घ्यायची नसून कुत्र्यापासून स्वतःची घ्यायची असते. पोर्तुगीजमध्येही कुइदादो आणि देस्कुइदो या दोन्ही शब्दांचं स्पेलिंग आणि अर्थ हेच, त्यामुळे गोव्यात जुन्या घरांतल्या पोर्तुगीज जाणणाऱ्या मंडळींना ही पुस्तिका अर्धी ओळखीची वाटेल. रुग्णालयातल्या 'कुइदादोस इन्तेन्सिवोस' या विभागाला मराठीनं 'अतिदक्षता' हा शब्द दिला, तो मला फार आवडतो. तिथं काळजी आणि जागं मन दोन्ही आलं.

माद्रिदच्या स्पॅनिश भाषा अकादमीची स्थापना १७१३ची. तिचा पहिला मोठा शब्दकोश १७२६ ते १७३९ या काळात सहा खंडांत निघाला. 'क'चा खंड १७२९चा आणि 'द'चा १७३२चा, म्हणजे कुइदादो छापून झाल्यावर देस्कुइदो छापायला तीन वर्षं गेली. अकादमीच्या आजच्या कोशात देस्कुइदोचे अर्थ एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरत जातात. आधी हयगय. मग विसर, अनवधान. मग एखाद्याला न शोभणारी पण दुरुस्त होण्याजोगी कृती. आणि शेवटी पाय घसरणं, लाज आणणारी चूक. या उतरंडीत 'दुरुस्त होण्याजोगी' हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. देस्कुइदोमध्ये माणूस मुळात वाईट असल्याचं गृहीत नाही. मन क्षणभर दुसरीकडे गेलं, एवढंच त्यात आहे.

हे न कळल्यामुळे मी एका आजीवर अन्याय केला आहे. भाषांतराच्या सुरुवातीच्या दिवसांत एका लॅटिन अमेरिकन कथेत मला एक म्हातारी भेटली. तिच्या हातून अंगणाचं फाटक उघडं राहतं आणि नातवाचं कोकरू रस्त्यावर जाऊन मरतं. ती पोराला एवढंच सांगते की ते 'पोर देस्कुइदो' झालं. मी लिहिलं, "माझ्या निष्काळजीपणामुळे झालं." कथा छापून आल्यावर एका वाचकबाईंनी मला विचारलं, "ही आजी इतकी कोरडी का हो बोलते? जबाब दिल्यासारखी?" त्यांचं म्हणणं खरं होतं. आपल्याकडे 'निष्काळजीपणा' या शब्दाला फिर्यादीचा आणि पोलीस ठाण्याचा वास लागलेला आहे. अपघाताच्या बातमीत तो शेवटच्या ओळीत येतो आणि त्याच्यामागून गुन्हा नोंदवला जातो. कुठलीही मराठी आजी नातवाजवळ बसून तो शब्द उच्चारणार नाही. ती म्हणेल, "माझं लक्षच नव्हतं रे." किंवा, "नजरचुकीनं राहिलं बघ उघडं." चार साधे शब्द होते, आणि ते माझ्या आजीच्या तोंडून मी हजारदा ऐकलेले होते.

स्पेनमधलं कोर्टसुद्धा हा भेद पाळतं. १८८९च्या नागरी संहितेतलं नुकसानभरपाईचं प्रसिद्ध कलम १९०२ 'कुल्पा' आणि 'नेग्लिखेन्सिया' हे शब्द वापरतं, आणि फौजदारी कायदा 'इम्प्रुदेन्सिया' म्हणजे अविचार मोजतो. देस्कुइदो हा घरातला शब्द. त्याला न्यायाधीश लागत नाही.

नेग्लिखेन्सियाचं नाव निघालंच आहे तर त्याच्या भावंडांबद्दलही थोडं सांगते. 'देसिदिया' म्हणजे बसून राहण्यातला आळस, चालढकल. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी बसणंच आहे. 'देखादेस' हा सोडून देण्याचा शब्द. दाढी वाढलेली, घर पसरलेलं, कशातच जीव नाही अशा माणसाचा. 'देस्पिस्ते' म्हणजे वेंधळेपणा, माग सुटणं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा तो देस्पिस्तादो. या सगळ्यांत देस्कुइदो क्षणाचा आहे. देखादेस वर्षानुवर्षं टिकते, देस्कुइदो घडतो आणि संपतो.

आणि स्पॅनिश वाङ्मयातला सगळ्यात प्रसिद्ध देस्कुइदो गाढवाचा आहे. सेर्वान्तेसच्या 'दोन किखोते'चा पहिला भाग १६०५च्या आरंभी माद्रिदमध्ये खुआन दे ला कुएस्ताच्या छापखान्यातून बाहेर पडला. सिएर्रा मोरेनाच्या डोंगरात नायकाचा सेवक सांचो याचं गाढव नाहीसं होतं. चोरी कधी झाली, कुणी केली, याचा पत्ता नाही. सांचो गाढवासाठी हळहळतो, आणि पुढे काही पानांवर त्याच गाढवासह पुन्हा वावरायला लागतो. वाचकांनी ते लगेच पकडलं. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात चोरीचा आणि गाढव परत मिळाल्याचा मजकूर घातला गेला, पण चोरीचा मजकूर अशा ठिकाणी बसवला की त्यानंतरही सांचो गाढवावरच बसलेला राहिला. ठिगळ लावलं आणि ठिगळालाच भोक.

दहा वर्षांनी, १६१५च्या दुसऱ्या भागात, सेर्वान्तेसनं हा प्रश्न चक्क कथेत आणला. पहिला भाग छापून झालेला आहे, लोक तो वाचतात, हे त्यातल्या पात्रांना ठाऊक आहे. सान्सोन कार्रास्को नावाचा पदवीधर सांचोला गाढवाबद्दल विचारतो. सांचो चोरीची हकिकत सांगतो: चोर खिनेस दे पासामोन्तेनं झोपेत त्याचं खोगीर चार खुंटांवर टेकवलं आणि खालून गाढव काढून नेलं. मग ती नंतरची पानं? त्यावर सांचोचं उत्तर असं की एकतर इतिहासकार चुकला असेल, नाहीतर तो छापणाऱ्याचा देस्कुइदो असेल. शब्द हाच, बरं का. ज्यानं स्वतः पुस्तक लिहिलं आणि ज्याच्या हातून चूक झाली, त्यानं आपल्या सगळ्यात लाडक्या पात्राच्या तोंडी हा शब्द दिला. इथं 'निष्काळजीपणा' लिहून बघा, सांचो कडवट होतो, छापखान्यावर दावा लावायला निघाल्यासारखा वाटतो. 'नजरचूक' लिहा, सांचो सांचोच राहतो. आणि छापखान्याच्या जगात नजरचूक हा आपलाही जुना, अस्सल शब्द आहे. शुद्धिपत्र जोडणाऱ्या प्रत्येक मराठी प्रकाशकाला तो ठाऊक आहे.

देस्कुइदोला एक दरबारी अंगही आहे. इटलीत काश्तिल्योनेनं १५२८ साली आदर्श दरबाऱ्यावर एक ग्रंथ छापला. खुआन बोस्कान या कवीनं तो स्पॅनिशमध्ये आणला आणि १५३४ साली बार्सेलोनात प्रसिद्ध केला. मूळ ग्रंथातली मुख्य शिकवण अशी की कसब इतकं मुरवावं की मेहनत दिसूच नये. त्या गुणासाठी काश्तिल्योनेनं योजलेल्या इटालियन शब्दाला स्पॅनिश प्रतिशब्द शोधताना बोस्काननं 'देस्प्रेसियो' आणि 'देस्कुइदो' असे दोन शब्द शेजारी ठेवले. म्हणजे ज्याला लोक दोष म्हणत होते तो इथं कलेचा कळस झाला. आजही 'अल देस्कुइदो' म्हणजे सहज म्हणून, मुद्दाम न केल्यासारखं दाखवून केलेलं. खांद्यावरून अल देस्कुइदो ओघळलेली शाल आरशासमोर तीनदा ओघळवून पाहिलेली असते. कोशात हाच वाक्प्रचार लांबवून 'अल देस्कुइदो इ कोन कुइदादो' असाही दिला आहे: मन नाही असं दाखवून, पूर्ण मन लावून. मराठीत याला 'सहज' एवढाच शब्द पुरतो, पण तो म्हणताना आवाज जरा लांबवावा लागतो.

दरबारातून थेट बाजारात या. माद्रिदला दर रविवारी 'रास्त्रो' नावाचा जुना बाजार भरतो. जुनी कुलपं, तसबिरी, घड्याळं, कपडे आणि मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी. तिथं जाणाऱ्याला घरची माणसं दोन चोरांची नावं सांगून ठेवतात. एक 'कार्तेरिस्ता', म्हणजे आपला पाकीटमार. कार्तेरा म्हणजे पाकीट. दुसरा 'देस्कुइदेरो'. तो खिशात हात घालत नाही. तुम्ही खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवून मित्राशी बोलायला वळता, फोन टेबलावर ठेवून चिल्लर मोजता, तेवढ्यात तो वस्तू घेऊन गेलेला असतो. पाकीटमाराचं नाव त्याच्या हाताच्या कामावरून पडलं आणि देस्कुइदेरोचं नाव तुमच्या मनाच्या अवस्थेवरून. तो तुमच्या देस्कुइदोवर जगतो. याला मराठीत भुरटा चोर म्हणून भागवता येतं, पण त्यातली खुबी निसटते. आमच्या वर्गात एका मुलीनं 'गाफिलाचा चोर' असं सुचवलं. पुस्तिकेत आम्ही तेच ठेवलं आहे.

मेक्सिकोत हा शब्द आणखी एक वळण घेतो. तिथं 'एन उन देस्कुइदो' म्हणजे 'न जाणो', 'कुणी सांगावं'. हरणाऱ्या संघाबद्दल ते म्हणतील, एन उन देस्कुइदो जिंकतीलसुद्धा. नियतीचं लक्ष नसेल तेव्हा काहीही होऊ शकतं, असा त्यामागचा भाव असावा. स्पेनमध्ये 'सी ते देस्कुइदास' म्हणजे 'बघता बघता': सी ते देस्कुइदास दहा वाजतील. दोन्हीकडे ठपका पार विरून गेला आहे.

एका जागी मात्र मी या शब्दाला सौम्य होऊ देणार नाही. देस्कुइदार या क्रियापदाचं कर्म माणूस असेल, पोर असेल, आजारी बाप असेल, तर तिथं क्षण उरत नाही. तिथं मराठीत 'आबाळ' हाच शब्द हवा. स्पेनमध्ये म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला येणाऱ्या बाईला 'कुइदादोरा' म्हणतात. या बाया मोठ्या संख्येनं लॅटिन अमेरिकेतून आलेल्या असतात, आपल्या घरची माणसं मागे ठेवून. परावलंबी व्यक्तींना मदत मिळण्याचा हक्क तिथं २००६च्या कायद्यानं मान्य केला. सालामांकाच्या त्याच घरात, समोरच्या सज्जात, एक कुइदादोरा रोज सकाळी एका आजोबांची नखं कापायची, दाढी करायची, सदऱ्याच्या गुंड्या नीट लावायची. एक गुंडी चुकली तर सगळ्या सोडून पुन्हा लावायची. मुलं वर्षातून एकदा येत. माझ्या घरमालकीणबाई त्या सज्जाकडे बघून मुलांबद्दल जे वाक्य बोलल्या, त्यात देस्कुइदार होतं. तिथं नजरचूक नव्हती, अनवधान नव्हतं. "बापाची आबाळ केली," असंच त्या म्हणत होत्या, आणि त्यांचा आवाज कठोर होता.

या पुस्तिकेतली वाक्यं अकारविल्हे लावलेली नाहीत. ती ज्या प्रसंगात ऐकली किंवा वाचली, त्या प्रसंगासह दिली आहेत, कारण प्रसंगावाचून या शब्दाचा मराठी प्रतिशब्द ठरवता येत नाही, असं माझं अनुभवाअंती मत झालं आहे. काही ठिकाणी आम्ही दोन-दोन पर्याय ठेवलेत आणि वर्गात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तुम्हाला तिसरा सुचला तर समासात लिहा. भाषांतर करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. हा शब्द समोर आला की लगेच मराठी शब्द लिहू नका. त्याच्या अलीकडे 'पोर' आहे, 'अल' आहे की 'एन उन' आहे ते पाहा, क्रियापद असेल तर त्याचं कर्म माणूस आहे की वस्तू ते पाहा, आणि वाक्य कोण कुणाला म्हणतंय ते मोठ्यानं म्हणून बघा. 'निष्काळजीपणा' हा शब्द त्यानंतरही योग्य वाटला, तर अवश्य लिहा.